मागे पाटे वाढवा, ड्रम काढून डिस्क लावा: या सल्ल्याचा प्रतिवाद

इसुझू व्ही-क्रॉस असो, टोयोटा हायलक्स असो किंवा रानात चालणारी फोर बाय फोर बोलेरो कॅम्पर असो, पिकअपच्या मालकाला एक सल्ला हमखास मिळतो आणि तो मोबाइलवरून मोबाइलवर फिरतच राहतो. मागे स्प्रिंगचे दोन पाटे वाढवा, लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) टाकून गाडी उचला, ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवा. मग गाडी जास्त माल उचलेल, रानात कुठे अडणार नाही आणि ब्रेक दुप्पट लागतील. जोडीला एक कारणही असतं: कंपनी पैसे वाचवायला मागे स्वस्तातलं सामान लावते.

या सल्ल्यात थोडं खरं आहे, म्हणून तो टिकून आहे. पण तो मागच्या बाजूकडे सुट्या भागांचा ढीग म्हणून पाहतो. पाटे, उंची आणि ब्रेक ही तिथे एकमेकांना बांधलेली आहेत. एकाला हात लावला की दुसरं बदलतं. आणि अशी बदललेली गाडी शेवटी ताम्हिणी, वरंध नाहीतर आंबेनळी घाटात भर पावसात उतरते, आत माणसं बसलेली असताना. म्हणून एकेक दावा तपासायला हवा.

"जास्त पाटे म्हणजे जास्त माल"

पाटा वाढवला की भरलेल्या गाडीची मागची बाजू कमी बसते, इतकंच खरं. गाडीने एकूण किती वजन न्यावं हे अ‍ॅक्सलची हाउसिंग (दोन चाकांमधल्या आडव्या दांड्याचं कवच), चाकाचे बेअरिंग, टायर, चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) आणि ब्रेक या सगळ्यांचा हिशेब करून ठरतं, आणि तोच आकडा आरसीवर असतो. नव्या पाट्याने यातलं काहीच मजबूत होत नाही. उलट मागची बाजू खाली बसत नाही म्हणून जास्त भरल्याची जी एकमेव डोळ्यांना दिसणारी खूण होती तीच नाहीशी होते, आणि मालक आणखी दोन गोणी चढवतो.

पाट्यांना आधार म्हणून एअरबॅग (पाट्यावर बसवायची, हवा भरलेली रबरी उशी) बसवण्याची टूमही यातलीच. चार दारांच्या पिकअपमध्ये हौद्याचा बराच भाग मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे असतो. पाटा आपलं वजन पुढच्या आणि मागच्या अशा दोन टोकांवर वाटून चासीवर देतो. एअरबॅग तेच वजन मधल्या एका जागी दाबते. ऑस्ट्रेलियात अशा गाड्यांच्या मागे जड कॅम्पर आणि ट्रेलर लावून लोक दूरवर जातात, आणि तिथे वाकलेल्या चासीची प्रकरणं याच जोडीतून पुढे आली: हौद्याच्या टोकाशी जास्त वजन आणि खाली एअरबॅग.

ऑफ-रोडिंगच्या नावाखाली कडक पाटे विकले जातात, त्याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण तिथे परिणाम नेमका उलटा होतो. एक चाक दगडावर चढलं की दुसऱ्याने खड्ड्यात उतरून जमीन धरायला हवी. पाटे कडक आणि हौदा रिकामा असेल तर ते चाक खाली उतरतच नाही, लोंबकळत राहतं. साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन चाकांना इंजिनाची ताकद वाटून देणारे गिअर) लोंबकळणारं चाक नुसतं फिरत राहतं आणि जमिनीवरच्या चाकाला ओढ मिळत नाही. खडीच्या रस्त्यावर तर कडक मागची बाजू उडतच जाते, आणि चाक हवेत असतं तेवढा वेळ त्याला ब्रेकही नसतो.

जाड शॉकअप घातल्याने गाडी जास्त वजन उचलते असंही सांगितलं जातं. शॉकअप वजन उचलत नाही, तो पाट्याची हालचाल आवरतो. चांगला शॉकअप खडबडीत रस्त्यावर खरोखर फरक पाडतो, पण तो फरक चाक जमिनीला चिकटून राहण्याचा असतो.

"लांब शॅकल टाका, गाडी उंच होईल आणि खाली लागणार नाही"

गाडी उंच होते, पण निम्मी: शॅकल ५ सेंटिमीटर लांब केला तर मागची बाजू साधारण अडीच सेंटिमीटर उचलली जाते. आणि खाली काय लागतं? मागे अखंड अ‍ॅक्सल असलेल्या गाडीत सगळ्यात खाली असतो तो डिफरन्शियलचा गोळा. शॅकलने चासी वर जाते, गोळा होता तिथेच राहतो. त्याला जमिनीपासून दूर नेतात ते फक्त मोठे टायर. शॅकलने मागच्या बंपरखालची जागा वाढते, उतार संपताना तेवढा उपयोग होतो, बाकी काही नाही.

त्या अडीच सेंटिमीटरची किंमत मात्र सगळीकडे मोजावी लागते. अ‍ॅक्सल थोडा फिरतो आणि प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या लांब दांड्याचा) कोन बदलतो. ठराविक वेगाला गाडी थरथरायला लागते, शाफ्टचे सांधे म्हणजे क्रॉस लवकर जातात. फक्त मागची बाजू उचलल्याने पुढच्या चाकांचा कॅस्टर (चाक सरळ ठेवणारा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि वेगात स्टिअरिंग हलकं वाटू लागतं. पाट्याखाली लोखंडी ठोकळे घालून उचललेली गाडी तर जोरात ब्रेक मारल्यावर अ‍ॅक्सलला आणखी पीळ देते, कारण ठोकळ्याने पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यातलं अंतर वाढलेलं असतं.

"ब्रेकचा आणि उंचीचा काय संबंध?"

संपूर्ण सल्ल्यात सगळ्यात घातक गोष्ट हीच, आणि तिच्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही.

ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं. अंदाज यावा म्हणून एक हिशेब करू. चालकासह २,००० किलोची रिकामी पिकअप घ्या, दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर ३.१ मीटर (व्ही-क्रॉस आणि हायलक्स दोन्ही याच्या आसपास आहेत), गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर. उभी असताना मागच्या चाकांवर साधारण ८४० किलो. जोरात ब्रेक मारला, म्हणजे ०.७ जी (गुरुत्वाकर्षणाच्या सात दशांश) इतक्या जोराने वेग उतरवला, तर त्यातले सव्वातीनशे किलो पुढे जातात आणि मागे सव्वापाचशेच्या आसपास उरतात. आता हौद्यात ५०० किलो भरा. तसाच ब्रेक मारल्यावर मागच्या चाकांवर ९०० किलोच्या जवळपास राहतात. गाडी तीच, पेडल तेच, पण मागच्या ब्रेकने एकदा कमी आणि एकदा जवळपास पावणेदोन पट काम करायला हवं. रिकाम्या गाडीत त्याने भरलेल्या गाडीइतका जोर लावला तर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी ओल्या रस्त्यावर गिरकी घेते.

म्हणून बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलजवळ एलएसपीव्ही असतो, भार ओळखून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह. तो चासीवर बसवलेला असतो आणि एका दांडीने अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. त्याला वजन कळत नाही. चासी आणि अ‍ॅक्सल यांच्यातलं अंतर कळतं. अंतर कमी झालं की तो समजतो गाडी भरली आहे आणि मागे जास्त दाब सोडतो.

आता त्याच गाडीला दोन पाटे आणि लांब शॅकल लावा. हौदा गच्च भरला तरी अंतर कमी होत नाही. व्हॉल्व्ह गाडी रिकामीच धरून चालतो. भरलेली पिकअप घाटात उतरते आहे आणि मागचे ब्रेक जेमतेम काम करताहेत. सगळा भार पुढच्या डिस्कवर, त्या तापतात, आणि खालच्या वळणांवर पेडल दाबूनही गाडी ऐकत नाही. मग मालक म्हणतो मागचे ड्रम कुचकामी आहेत. ड्रमला दाबच पोचलेला नसतो.

यावर काही गॅरेजांत त्या दांडीलाच तारेने बांधून ठेवतात, म्हणजे मागे कायम पूर्ण दाब. भरल्यावर ब्रेक छान लागतात. रिकाम्या परतीच्या वाटेवर पहिल्या पावसात मागची चाकं सुटतात. उलट बाजूही ध्यानात घ्या: पाटे जुने होऊन बसले असतील तर व्हॉल्व्हला रिकामी गाडी भरलेली वाटते आणि मागे नको तेवढा ब्रेक लागतो. बसलेले पाटे बदलणं हे म्हणूनच ब्रेकचंही काम आहे.

काही नव्या गाड्यांत हा व्हॉल्व्ह नसतो, एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बरोबरची ईबीडी, म्हणजे ब्रेकचा जोर पुढे-मागे वाटणारी यंत्रणा, चाकांच्या वेगावरून तेच काम करते. पण तिचंही गणित कंपनीचे ब्रेक आणि कंपनीचे टायर गृहीत धरून बसवलेलं असतं.

"डिस्क बसवल्या की ब्रेक दुप्पट"

जोरात पेडल दाबल्यावर तुमच्या गाडीचा एबीएस थरथरतो का? थरथरत असेल तर ब्रेक टायरच्या पकडीपर्यंत पोचला आहे. त्यापुढे ब्रेक कितीही मोठा लावा, एका थांबण्याचं अंतर टायर आणि रस्ता ठरवतात. आणि मघाच्या हिशेबात रिकाम्या गाडीत मागच्या चाकांवर जेमतेम पाव वजन होतं. त्या पाव वाट्यातली सुधारणा एकूण ब्रेक दुप्पट करू शकत नाही.

डिस्कचे फायदे खरे आहेत आणि ते मान्यच करायला हवेत. लांब उतारावर डिस्क लवकर थंड होते. पाण्यातून बाहेर आल्यावर पटकन सुकते. ड्रममध्ये शिरलेला चिखल आतच राहून लायनर आणि ड्रम दोन्ही खरवडतो, डिस्कवरचा उडून जातो. पॅड किती उरले हे चाक काढल्यावर लगेच दिसतं.

अडचण बाहेरच्या किटची आहे. ड्रममध्ये चाकाच्या फिरण्यानेच एक शू (लायनर लावलेली पट्टी) आणखी घट्ट दाबला जातो, त्यामुळे कमी दाबात काम होतं. कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) जास्त दाब लागतो आणि ब्रेक ऑइलही जास्त लागतं. पेडलचा दाब ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर तोच राहिला तर पेडल खोल जातं. काही जुन्या गाड्यांत ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो काढला नाही तर पॅड डिस्कला घासतच राहतात. आणि हँडब्रेक! पिकअपचा हँडब्रेक मागच्या ड्रममध्येच असतो आणि तो घट्ट असतो. किटमध्ये हँडब्रेक कसा आहे, भरलेली गाडी चढावर धरतो का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

ज्यांना ब्रेक कमी पडतात त्यांनी आधी टायरकडे पाहावं. २६५/६५ आर १७ ऐवजी २८५/७० आर १७ घातले की व्यास ७७६ वरून ८३१ मिलिमीटर होतो, म्हणजे सुमारे ७ टक्के वाढ. तेवढ्याच पेडलला जमिनीवर मिळणारा ब्रेक जवळपास त्याच प्रमाणात घटतो, शिवाय चाक जड होतं ते वेगळंच.

"कंपनीने पैसे वाचवले"

खर्चाचा विचार कंपनी करतेच. पण जिथे त्यांनी मागे डिस्क किंवा पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग दिले तिथे काय केलं ते पाहा. २०१८ साली आलेल्या फोर्ड रेंजर रॅप्टरला मागे कॉइल आणि डिस्क होत्या. ऑस्ट्रेलियात साध्या रेंजरची ब्रेक असलेला ट्रेलर ओढायची मर्यादा ३,५०० किलोपर्यंत असताना रॅप्टरची २,५०० किलो ठेवली गेली. निसानने नवाराला पाट्यांऐवजी कॉइल दिले, माल भरल्यावर गाडी फार बसते अशा तक्रारी आल्या आणि स्प्रिंग नव्याने जुळवावे लागले. ज्यांच्याकडे चाचणीचे रस्ते आणि अभियंते आहेत त्यांनाही हे एका फटक्यात जमत नाही.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग मागच्या बाजूचं काहीच करू नये का? करावं, पण क्रम लावून. नेहमीच्या सामानासह गाडी वजनकाट्यावर न्या. मागच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगळं घ्या. पाटे बसलेले असतील तर त्याच कायमच्या वजनाला साजेसा सेट घ्या, एकेक पाटा घुसवू नका. बुश (पाट्याच्या टोकांतले रबर) आणि पाटे खाली आवळून धरणारे यू-बोल्ट नवे लावा, थोडं चालवून यू-बोल्ट पुन्हा कसा. ड्रम उघडून साफ करा, लायनर, शू ढकलणारा व्हील सिलिंडर आणि शू-ड्रममधलं अंतर राखणारा अ‍ॅडजस्टर तपासा. बऱ्याच "कमी" ब्रेकचं कारण न फिरणारा अ‍ॅडजस्टर असतो. ब्रेक ऑइल बदला. नव्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलावा शोषलेल्याचा १५५ पर्यंत उतरतो, आणि घाटात पेडल मऊ पडतं ते तिथेच.

उंची बदलणारच असाल तर मागची चाकं पूर्ण लोंबकळतील अशी गाडी उचलून ब्रेकचा होज, एबीएसची वायर आणि हँडब्रेकची केबल ताणली जात नाही ना हे स्वतः वाकून पाहा. एलएसपीव्ही असेल तर त्याची दांडी नव्या उंचीप्रमाणे कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मापाने लावून घ्या. आणि काम करणाऱ्याला तो व्हॉल्व्ह कुठे आहे हे दाखवता आलं नाही, तर गाडी तिथून परत आणा.