याला तेल म्हणू नये

सगळा घोळ त्या एका शब्दाचा आहे. बाटलीवर 'लॅव्हेंडर ऑइल' लिहिलेलं असतं, उंबरा ओलांडून आत आलं की त्याचं 'तेल' होतं, आणि तेल म्हटलं की आमच्या बेळगावकडं हात सैल सुटतो. तेल म्हणजे पळीनं घालायची वस्तू. फोडणीला, डोक्याला, गुडघ्याला, मारुतीला. शनिवारी मारुतीला दोन थेंब वाहून कुणी परत आलंय काय? त्यातून कन्नडात तेलाला म्हणतात एण्णे, खरं कॉलेजच्या पोरांच्या तोंडी एण्णे म्हणजे दारू. पार्सलवाला दारात उभा राहून "अक्का, एण्णे बंदैत्री", म्हणजे तेल आलंय, असं ओरडला की शेजारच्या दोन खिडक्या तरी उघडतातच.

वास्तविक हे आपल्या अर्थानं तेल नव्हेच. फुलांच्या तुऱ्यांतून वाफ सोडायची, ती वाफ थंड करायची, की पाण्यावर जो सुगंधी थर तरंगतो तो हा ऐवज. त्यात स्निग्धता नाही, आहे ती उडून जायची घाई. खात्री करायची तर पांढऱ्या कागदावर याचा एक थेंब आणि शेजारी खोबरेलाचा एक थेंब टाका आणि कागद रात्रभर पंख्याखाली ठेवा. सकाळी खोबरेलाची जागा कांदाभजीच्या पुडीसारखी पारदर्शक दिसेल आणि लॅव्हेंडरची जागा जवळजवळ कोरी. तिथंही तेलकट कडं उरलं असेल तर विकणाऱ्यानं साधं तेल मिसळून बाटली भरलेली आहे. मात्र कारखान्यात बनवलेला कृत्रिम वास असेल तर तो कागदाला कळत नाही. त्यासाठी लेबलावर 'लॅव्हँड्युला अँगस्टिफोलिया' हे झाडाचं नाव शोधावं. 'लॅव्हँडिन' असेल तर ते संकरित झाड, स्वस्त आणि कापराच्या वासाचं. फरशीला चालतं, उशीला नको.

आता मापाचं. साधारण २० थेंब म्हणजे १ मिली, म्हणजे १० मिलीच्या बाटलीत २०० थेंब. बाटलीच्या तोंडात प्लॅस्टिकची बारीक भोकाची टोपी बसवलेली असते. बाटली हळू तिरकी करायची आणि वाट बघायची, थेंब स्वतःच्या सवडीनं पडतो. ही वाट बघणं आमच्या रक्तात नाही. दोन सेकंदांत थेंब पडला नाही की बाटली झटकली जाते, तरीही नाही पडला तर सुईनं भोक मोठं केलं जातं आणि टोपी उचकटून काढली की विषय संपतो. पुढच्या झटक्याला चाळीस थेंब एकदम.

डिफ्यूझरला, म्हणजे पाण्याच्या धुक्यातून वास खोलीत सोडणाऱ्या विजेच्या यंत्राला, किती लागतात? १०० मिली पाण्याला तीन, फार तर पाच. "एवढंसंच? आणि एक घाल की गे, वास येईना!" हे वाक्य ज्या घरात ऐकू येत नाही ते घर रिकामं असणार. खरं वास येत नाही याचं कारण थेंब कमी पडले हे नसतं. पंधरा-वीस मिनिटांत नाकाला त्या वासाची सवय होते आणि ते मेंदूला कळवायचं थांबतं. वास खोलीत असतोच. बाहेरून आलेल्या पाहुण्याला तो पायरीवरच लागतो आणि "दवाखान्यात आल्यागत वाटालंय की" म्हणून तो डोकं धरून बसतो. म्हणून यंत्र अर्धा तास चालवावं आणि बंद करावं. तासाभरानं पाहिजे तर पुन्हा.

यंत्राच्या पोटात एक नाण्याएवढी चकती असते. ती इतक्या वेगानं थरथरते की पाण्याचं धुकं होतं. या चकतीचे दोन वैरी. एक, बोअरचं पाणी, कारण त्यातला क्षार चकतीवर पांढरा बसतो आणि उरलेला धुक्याबरोबर उडून टीव्हीवर पिठासारखा पडतो. दुसरा, तेलाचाच चिकट थर. दोन्ही साचले की दिवा लागतो, भोकातून काही निघत नाही आणि घरातला प्रत्येक जण एकदा वरून थापटी मारून बघतो. थापटीनं काही होत नाही. पाणी ओतून टाका, अर्धी टाकी पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घालून पाच-दहा मिनिटं चालवा, मग कापूस गुंडाळलेल्या काडीनं चकती हलकेच पुसा. सुरी, तारेची घासणी आणि हेअरपिन लांब ठेवा. पाणी ओतताना हवा बाहेर यायच्या भोकाच्या बाजूनं ओतू नका, उलट्या बाजूनं ओता. त्या भोकातून पाणी खाली गेलं की पंखा आणि सर्किट दोन्ही भिजतात, मग यंत्र शोभेला.

एवढं सगळं सांगितल्यावर मुख्य गोष्ट सांगते. जून ते सप्टेंबर हे यंत्र बेळगावात लावूच नये. बाहेर पावसाची झड, दोरीवर चार दिवसांची ओली अंडरपँट, भिंतीला ओल, मिठाच्या डबीत पाणी सुटलेलं, आणि आपण विजेचे पैसे भरून घरातल्या हवेत आणखी पाणी सोडायचं! खानापूर-जांबोटीकडचा माणूस हे बघून हसला तर त्याचं काही चुकत नाही. त्याच्याच गावची युक्ती जास्त बरी. खानापुरी कौलाचा तळहाताएवढा तुकडा घ्या, धुऊन कडकडीत वाळवा, आणि बिनचकाकीच्या बाजूवर तीन थेंब टाका. भाजलेली माती थेंब पिऊन घेते आणि चार-पाच तास सावकाश सोडत राहते. वीज नको, पाणी नको, थापटी नको. फक्त तो तुकडा पॉलिश केलेल्या टेबलावर ठेवू नका, बशीत ठेवा. हे तेल वॉर्निश विरघळवतं, थर्माकोलही खातं.

कपाटाचं दुखणं वेगळं. शहापुरी साडी बाहेर काढली की कुबट वास येतो, म्हणून कुणीतरी घडीवर थेट थेंब टाकतं. वास जात नाही, डाग मात्र पडतो. कुबट वास हा बुरशीचा असतो आणि बुरशीला वासानं काही वाटत नाही, ती घालवायला ऊन लागतं. आधी कपाट रिकामं करून वाळवा. मग मलमलीच्या छोट्या पुरचुंडीत दोन-तीन चमचे वाळलेली लॅव्हेंडरची फुलं बांधून कोपऱ्यात टांगा, कपड्याला टेकू देऊ नका. महिन्यातून एकदा पुरचुंडी बोटांनी चुरगाळली की वास परत येतो. कसर थोडी लांब राहते, खरं आजीच्या वेखंडापेक्षा फार लांब राहते असं काही नाही. आणि डांबरगोळ्या शेजारी असतील तर दोन्ही वास मिळून जो तिसरा तयार होतो त्याला नाव नाही.

डासांबद्दल थोडक्यात: गवती चहाचं किंवा सिट्रोनेलाचं तेल थोडा वेळ डासांना गोंधळात टाकतं. मग ते सावरतात. मच्छरदाणी लावा.

फरशी पुसायच्या बादलीत थेंब टाकले की ते वर तरंगतात आणि पहिल्या फडक्याला सगळे चिकटतात. म्हणजे देवघरासमोरची एक फरशी फ्रान्स आणि उरलेलं घर होतं तसंच. आधी चमचाभर भांड्यांच्या लिक्विडमध्ये आठ-दहा थेंब घोटा, मग ते पाण्यात घाला. फवाऱ्याच्या बाटलीचीही तीच गत, तेल पाण्यात विरघळत नाही. इथं घरातला मुलगा फार उत्साहानं पुढं येतो: व्होडकात विरघळतं म्हणे, चोर्ल्यातून गोव्याला जाऊन आणू काय? त्याला सांगावं, बाटलीतली व्होडका ४२.८ टक्के, उरलेलं बहुतेक पाणीच, त्यात हे नीट विरघळत नाही. एण्णेत एण्णे घालायचा बेत तिथंच बारगळतो. औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, आधी त्यात तेल, नंतर पाणी, आणि दर वेळी बाटली हलवून फवारा. समईपासून लांब. आणि 'वास दरवळेल' म्हणून हे समईत तर अजिबात ओतू नका. साधारण ७० अंशालाच याची वाफ पेट घेते, गोडेतेलासारखा सोशिकपणा याच्यात नाही.

अंगाला लावायचं तर दोन टक्के: ३० मिली खोबरेलात किंवा तिळाच्या तेलात १२ थेंब, म्हणजे छोट्या चमच्याला दोनच. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. बाटली उघडून वर्ष झालं, उन्हात राहिली, बूच सैल राहिलं, तर त्यातला लिनालूल नावाचा सुगंधी घटक हवेशी मिळून बिघडतो आणि खाज सुटते ती त्यानंच. बाळाची टाळू भरायला यातलं काही नाही. निलगिरी, पुदिना, कापूर तर तान्ह्याच्या नाकाजवळही नको, श्वास अडू शकतो. पोटात गेलं तर उलटी काढायला बसू नका, ते फुप्फुसात उतरतं. बाटली घेऊन सरळ दवाखाना गाठा. मांजर असलेल्या घरात टी ट्री नावाच्या झाडाचं तेल आणूच नका, मांजराच्या यकृताला त्याचा निचरा करता येत नाही आणि ते अंग चाटल्याशिवाय राहत नाही.

कुंडीत लॅव्हेंडर लावू म्हणणाऱ्यांना शुभेच्छा. त्याला कोरडी, चुनखडीची, निचऱ्याची जमीन आणि थंडी लागते. म्हणून आपल्या देशात ते डोडा जिल्ह्यात भद्रवाहच्या डोंगरांत रुजलं. आमच्या तांबड्या मातीत ते मे महिन्यात छान दिसतं आणि जुलैत बुडापासून काळं पडतं. गंमत अशी की ज्योतिबाला वाहतो त्या दवण्याचं तेल याच कर्नाटकात निघतं आणि अत्तरवाल्यांच्या हातून परदेशी जातं. त्याला मात्र आमच्या घरी कुणी डिफ्यूझर घेत नाही.

राहिला प्रश्न बाटलीवर काय लिहायचं याचा. 'तेल' लिहिलं तर कुणीतरी डोक्याला चोपडणार. 'एण्णे' लिहिलं तर पोरं झाकण उघडून बघणार. 'औषध' लिहिलं तर आजोबा झोप येईना म्हणून चमचाभर घेणार, 'अत्तर' लिहिलं तर लग्नाला निघालेली काकी गळ्याला लावणार. दोन्ही भाषांत सविस्तर लिहावं, तर १० मिलीच्या बाटलीवर जागा नाही, आणि वर कुठली, खाली कुठली हा वाद आमच्याकडं एवढ्याशा लेबलावर मिटायचा नाही. शेवटी मोठ्या अक्षरात 'फिनेल' लिहावं असं ठरतं. मग कुणी हात लावत नाही. फक्त सकाळी फरशी पुसायला येणाऱ्या मावशी तेवढ्या बाटली बघतात, आणि टोपी उचकटून सगळीच्या सगळी बादलीत ओततात.