फी किती, हे कॉलेजच्या पत्रकावर नाही, ऑप्शन फॉर्मवर ठरतं

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की नागपुरात दरवर्षी एकच प्रश्न सुरू होतो: "इंजिनिअरिंगला किती लागतील?" उत्तरात कुणीतरी कॉलेजच्या पत्रकावरचा आकडा सांगतो. तो ऐकून एखादे वडील पोरीला बीएस्सीत टाकतात, तर दुसरे पतसंस्थेत दागिने घेऊन जातात. दोघांचाही निर्णय चुकीच्या आकड्यावर झालेला असतो. पत्रकावरची फी आणि तुमच्या घरातून प्रत्यक्ष जाणारी रक्कम यांत लाखाचाही फरक पडू शकतो. तो फरक ठरवणाऱ्या तीन गोष्टी आहेत: प्रवेश कोणत्या मार्गाने घेतला, दाखले वेळेत हातात होते का, आणि पैसा कोणत्या महिन्यात येणार. तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही, आणि घर त्यातच बुडतं.

आधी मार्ग. राज्य सरकारची फी सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांना मिळते ती कॅप राऊंडमधून, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, आलेल्या प्रवेशाला. मॅनेजमेंट कोटा किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या, जागेवर तेच कॉलेज, तीच ब्रँच, तोच बाक मिळेल, पण सवलत शून्य. दुसऱ्या राऊंडला मनासारखी ब्रँच मिळाली नाही म्हणून घाबरून इन्स्टिट्यूट लेव्हलची जागा घेणारी कुटुंबं चार वर्षं पूर्ण फी भरतात. काउंटरवरचा माणूस "स्कॉलरशिपचं नंतर पाहू" म्हणाला, तर समजून घ्या की नंतर पाहण्यासारखं काही नाही.

यातलीच दुसरी बाब नागपूरकरांनी नीट पाहायला हवी. आपल्याकडची काही जुनी, नावाजलेली कॉलेजं गेल्या काही वर्षांत खासगी विद्यापीठं झाली आहेत. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं या फी सवलतींतून वगळलेली आहेत. गेट तेच, इमारत तीच, मोठ्या भावाला तिथेच सवलत मिळालेली, म्हणून धाकटीलाही मिळेल असं धरून चालू नका. "ही जागा महाडीबीटीवर कोणत्या योजनेला पात्र आहे?" हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या; महाडीबीटी म्हणजे शिष्यवृत्तीच्या अर्जांचं सरकारी पोर्टल.

आता सवलत किती? खुल्या प्रवर्गातल्या मुलाला, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून ट्यूशन फी निम्मी. सगळे याला अजून ईबीसीच म्हणतात. ओबीसी मुलालाही निम्मी. एससी, एसटी, व्हीजेएनटी (भटके-विमुक्त), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांना पूर्ण. एससीमध्ये उत्पन्न 2.5 लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, म्हणजे फी आणि वर निर्वाहभत्ता. त्याच्या वर फ्रीशिप, म्हणजे फी माफ, भत्ता नाही. मुलींसाठी 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने मोठा बदल केला: ईडब्ल्यूएस (खुल्या प्रवर्गातला आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसीतल्या, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी 2024-25 पासून शंभर टक्के माफ. आधीपासून शिकत असलेल्या मुलींनाही ते लागू झालं. हा आमच्या मते गेल्या अनेक वर्षांतला या क्षेत्रातला सर्वांत चांगला निर्णय आहे, आणि तो अजून गावोगावी पोचलेला नाही याचं वाईट वाटतं. भिवापूर, कुही, पारशिवनीकडे आजही "पोरीच्या इंजिनिअरिंगला लाखभर कुठून आणू" हे वाक्य ऐकू येतं.

पण "फी माफ" म्हणजे सगळं माफ, असं समजू नका. विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती दोन भागांची असते: ट्यूशन फी आणि डेव्हलपमेंट फी. सवलत ट्यूशनवर आहे. समजा ट्यूशन 1,00,000 आणि डेव्हलपमेंट 12,000 आहे. मुलीला ट्यूशन माफ, तरी 12,000 भरावे लागणार. खुल्या प्रवर्गातल्या तिच्या भावाला 50,000 अधिक 12,000. त्यावर विद्यापीठाची किरकोळ शुल्कं, बस, पुस्तकं, आणि बाहेरगावचं लेकरू असेल तर खोली आणि मेस. म्हणून प्रत्येक कॉलेजचा मंजूर आकडा प्राधिकरणाच्या वेबसाईटवर पाहा, दोन्ही भाग वेगळे लिहून काढा, आणि मगच ऑप्शन फॉर्मवर, म्हणजे कॅपच्या पसंतीक्रमाच्या अर्जावर, क्रम लावा. पावती घेतानाही ट्यूशन किती, डेव्हलपमेंट किती, हे वेगळं छापलेलं आहे का ते बघा. नुसतं "कॉलेज फी" असं एका ओळीत लिहिलेली पावती पुढे परतावा मागताना काहीच सिद्ध करत नाही.

खुल्या प्रवर्गातल्या, उत्पन्न कमी पण मार्क चांगले असलेल्या पोरांसाठी आणखी एक दार आहे आणि ते फार थोडे लोक ठोठावतात: टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी वेव्हर स्कीम. प्रत्येक ब्रँचच्या मंजूर जागांवर 5 टक्के जादा जागा असतात, 8 लाखांची मर्यादा असते, आणि संपूर्ण कोर्सभर ट्यूशन फी माफ. ऑप्शन फॉर्ममध्ये या जागांचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी टी अक्षर. साधा कोड टाकून "मी टीएफडब्ल्यूएसला पात्र होतो की" म्हणण्यात अर्थ नाही, तो कोड वेगळा भरावाच लागतो. कटऑफ चढा असतो आणि पुढे ब्रँच किंवा कॉलेज बदलता येत नाही, हे मुलाला आधी सांगा. आमचं मत स्पष्ट आहे: थोड्या कमी नावाच्या कॉलेजातली टीएफडब्ल्यूएस जागा ही नावाच्या कॉलेजातल्या इन्स्टिट्यूट लेव्हलच्या जागेपेक्षा साध्या घरासाठी कधीही बरी.

दाखल्यांचं गणित मे महिन्यात सुटतं, ऑगस्टमध्ये नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. त्यासाठी नोकरदाराला पगारपत्रक किंवा फॉर्म 16, शेतकऱ्याला सातबारा आणि तलाठ्याचा उत्पन्न अहवाल. आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून अर्ज होतो. निकालानंतरच्या आठवड्यांत सेतूवर जी झुंबड उडते ती टाळायची असेल तर नवं आर्थिक वर्ष लागताच एप्रिलमध्ये कामाला लागा. उत्पन्न आई आणि वडील दोघांचं मिळून धरलं जातं. इथे ओबीसी कुटुंबांचा हमखास घोळ होतो. नॉन-क्रिमीलेयर ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न 8 लाखांच्या हिशेबात धरत नाहीत, त्यामुळे 11 लाख पगाराच्या घरालाही ते प्रमाणपत्र मिळू शकतं. शिष्यवृत्तीच्या उत्पन्न दाखल्यात मात्र पगार येतो. म्हणजे आरक्षणातून जागा मिळाली तरी फी सवलत मिळेलच असं नाही. दोन वेगळे कागद, दोन वेगळे निकष.

जात वैधता हा तर वेगळाच विषय. अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत अर्ज टाका. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967, एससीसाठी 10 ऑगस्ट 1950, व्हीजेएनटीसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा लागतो. तो बहुधा आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये सापडतो. आजोबा छत्तीसगड किंवा मध्य प्रदेशातून आलेले असतील तर शोध लांबतो. विदर्भात अशी घरं काही कमी नाहीत. अर्जाची पावती दाखवून तात्पुरता प्रवेश होतो, पण मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर आरक्षित जागा जाते, आणि तिच्याबरोबर सवलतही.

आता महाडीबीटी. अर्ज भरणं सोपं आहे, अर्ज अडकणं त्याहून सोपं. भरलेला अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग विभागाच्या डेस्कला जातो. कुठेही त्रुटी काढून परत पाठवला तर तो तुमच्याच लॉगिनला येऊन पडतो. मोबाईलवर मेसेज येईलच याचा भरवसा नाही. म्हणून दर आठवड्याला लॉगिन करून स्टेटस बघा. दुसऱ्या वर्षापासून रिन्यूअल आपोआप होत नाही, दरवर्षी भरावं लागतं. पहिल्या वर्षी सवलत मिळाली म्हणून निर्धास्त राहिलेली मुलं दुसऱ्या वर्षीचे पैसे हमखास घालवून बसतात. ईबीसीत एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ आहे, हेही ध्यानात असू द्या.

सगळ्यांत जास्त पैसे अडकतात ते आधार सीडिंगमध्ये, म्हणजे खातं आधारला जोडण्यात, म्हणून हे जरा सविस्तर. बँकेत आधार कार्डाची झेरॉक्स दिली म्हणजे खातं सीड झालं असं नाही. ती नुसती केवायसी. सरकारी पैसा एनपीसीआयच्या (बँकांचे व्यवहार जोडणारी राष्ट्रीय संस्था) नोंदीत तुमच्या आधारपुढे जी बँक लिहिलेली असते तिथे जातो, आणि तिथे एका वेळी एकच बँक असते, सर्वांत शेवटी संमती दिलेली. होतं असं, की पोरगं गावाहून नागपूरला येतं, नवं सिमकार्ड घेतं, दुकानदार त्याच्याकडून दोनदा अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडून देतो, आणि नोंद तिकडे सरकते. शिष्यवृत्ती आलेली असते, पण ज्या खात्याचं अस्तित्वच माहीत नाही अशा खात्यात. अशा खात्यात शिल्लक ठेवायची मर्यादाही असते, मोठी रक्कम असेल तर व्यवहार फिरतो. उपाय साधा आहे: आधार देणाऱ्या युआयडीएआयच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस बघा, चुकीची बँक दिसली तर आपल्या मूळ बँकेत जाऊन आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या, आणि काही दिवसांनी पुन्हा तपासा. आधारवरचं नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव एकच असलं पाहिजे.

एससी विद्यार्थ्यांच्या घरांसाठी एक खास सूचना. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा 60 टक्के वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, त्यात कॉलेजची फीसुद्धा असते. आलेली रक्कम निर्वाहभत्ता समजून खर्च झाली, की कॉलेज फी मागतं आणि घरात ती नसते. पैसे आले की सात दिवसांत फीचा भाग कॉलेजला भरा, पावती घ्या.

राहण्याच्या खर्चाकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि तोच चार वर्षांत फीच्या बरोबरीला येतो. हिंगणा रोड, वानाडोंगरी, वाडीकडे खोली करून राहणाऱ्या गडचिरोली-गोंदियाच्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवं. सरकारी वसतिगृहात अर्ज करूनही नंबर लागला नाही, अशा एससी आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे: नागपुरात वर्षाला 60,000, त्यात भोजन 32,000, निवास 20,000, निर्वाह 8,000. उत्पन्न मर्यादा 2.5 लाख, हजेरी 75 टक्के. एसटीसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयंम, ओबीसी-व्हीजेएनटी-एसबीसीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, आणि खुल्या प्रवर्गासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. वसतिगृहाचा अर्ज आधी केलेला असणं महत्त्वाचं, आणि खोलीचा भाडेकरारही. घरमालक करार करून द्यायला तयार नसेल तर खोली पाहतानाच ते विचारा.

ही सगळी मदत उशिरा येते. फी ऑगस्टमध्ये मागतात, परतावा पुढच्या वर्षी उगवतो. मधल्या काळात कॉलेज हमीपत्र घेतं: "शासनाकडून रक्कम न आल्यास पालक भरतील." सही करावी लागते, पण प्रत स्वतःकडे ठेवा. पात्र विद्यार्थ्याकडून पूर्ण फी आधी घ्यायची नाही अशा शासनाच्या सूचना असूनही ती घेतली जाते, आणि शासन कॉलेजांचे पैसे थकवतं हेही तितकंच खरं. दोघांच्या भांडणात व्याज भरतो तो कापूस-सोयाबीनवाला बाप. हे आम्हाला अन्यायाचं वाटतं, आणि लेखी तक्रार केल्याशिवाय ते बदलणार नाही. समाजकल्याणचं काम दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात, तंत्रशिक्षणाचं सहसंचालकांच्या कार्यालयात. तोंडी बोलून येऊ नका, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

मधली पोकळी भरायला सावकार किंवा सोनं नको, शैक्षणिक कर्ज बघा. 4 लाखांपर्यंत मार्जिन (स्वतः घालायचा वाटा) नाही, तारण नाही. साडेसात लाखांपर्यंतही तारण मागायचं नसतं. व्हीएनआयटी, ट्रिपल आयटी, एम्ससारख्या संस्थांत प्रवेश असेल तर नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना पाहा: तारण नाही, जामीनदार नाही, आणि 8 लाखांच्या आत उत्पन्न असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात 3 टक्के व्याज सवलत. मॅनेजमेंट कोट्याला ती नाही. कर्ज मंजूर जास्त करून घ्या, पण उचल गरजेपुरतीच करा, कॉलेजच्या दरवर्षीच्या फी मागणीपत्राप्रमाणे. शिक्षण चालू असताना व्याज साधं लागतं. 10 टक्के दराने 4 लाख उचललेले असतील तर महिन्याला सुमारे 3,300 होतात, आणि तेवढं दरमहा भरत गेलात तर हप्ते सुरू होताना मुद्दल फुगलेलं नसतं.

एक शेवटचं, कारण राऊंड सुरू असताना हेच जास्त विचारलं जातं. एका कॉलेजात पैसे भरले आणि पुढच्या राऊंडला चांगलं मिळालं, तर आधीचे पैसे बुडत नाहीत. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या नियमानुसार कोर्स सुरू होण्याआधी प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त 1,000 रुपये कापून बाकी फी परत करावी लागते, आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. रद्द करण्याचा अर्ज कॅपच्या लॉगिनमधूनही करा आणि कॉलेजलाही द्या, दोन्हींच्या तारखा एकच ठेवा.

ज्यांच्या ओळखीत यंदा बारावीचं लेकरू आहे त्यांच्यापर्यंत हे पोचवा. शंका असेल तर खाली प्रवर्ग, उत्पन्न आणि कोर्स एवढंच लिहा. आधार नंबर किंवा दाखल्याचे फोटो टाकू नका.