‘कॉलमला कॉलम जोडला की मॅपिंग झालं’? इतकं सोपं नाही

डेटा एका साच्यातून दुसऱ्या साच्यात नेणाऱ्यांमध्ये (कुठला कॉलम कुठे जाईल हे ठरवणं म्हणजे मॅपिंग) सध्या एक दावा फार फिरतोय. थोडक्यात तो असा: हल्लीची टूल्स हुशार आहेत. डावीकडचा कॉलम रेघ ओढून उजवीकडे जोडा. नावं जुळत असतील तर तेही टूलच करतं. टाइप, म्हणजे किंमत संख्या आहे, तारीख आहे की मजकूर, हेही तेच ओळखतं. एक्स्प्रेशन, म्हणजे किंमत कशी बदलायची याचं सूत्र, लिहीत बसणं ही प्रोग्रामर मंडळींची हौस. फार तर ट्रिम लावा (म्हणजे कडेच्या स्पेस काढा), रिकाम्या जागी शून्य भरा, प्रिव्ह्यू बघा आणि रन करा.

मी हे काम रोज करते. या दाव्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य डेटा बिघडवतं, आणि तेही आवाज न करता. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘नावं जुळली की झालं.’ शेपफाइल या नकाशाच्या डेटाच्या फाइलचं उदाहरण घ्या. तिचे ॲट्रिब्यूट, म्हणजे नकाशातल्या प्रत्येक आकाराची माहिती, डीबीएफ प्रकारच्या तक्त्यात असतात आणि तिथे कॉलमचं नाव 10 अक्षरांपलीकडे जात नाही. ‘पॉप्युलेशन_2010’ आणि ‘पॉप्युलेशन_2020’ असे दोन कॉलम तिच्यात उतरवा. ‘पॉप्युलेशन’चं इंग्रजी स्पेलिंगच नेमकं 10 अक्षरांचं आहे, त्यामुळे साल दोन्हीकडून कापलं जातं. दोन नावं सारखी नकोत म्हणून टूल दुसऱ्याची शेवटची अक्षरं खाऊन तिथे ‘_1’ चिकटवतं. आता समोरच्या साच्यात ‘पॉप्युलेशन’ या नावाखाली 2020चा आकडा हवा असेल, तर ऑटोमॅप तिथे 2010चा बिनदिक्कत नेऊन ठेवेल. नाव तर जुळलं! एककांचंही तेच. दोन्हीकडे ‘रुंदी’ आहे, पण एकीकडे फूट आणि दुसरीकडे मीटर. 0.3048 ने गुणायचं हे त्या रेघेत कुठे लिहिणार?

‘टाइप टूल ओळखतं.’ ओळखत नाही, अंदाज करतं. एक्सेलने ‘मार्च1’, ‘सेप्ट2’ अशा जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकल्या आणि त्या चुका थेट शोधनिबंधांच्या पुरवण्यांत गेल्या. शेवटी 2020 साली मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीनेच ती नावं बदलल्याचं सांगितलं. लांबलचक आयडींची गत आणखी वाईट. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत 9007199254740993 ही संख्या म्हणून वाचली की शेवटचा 3 जाऊन 2 येतो. आयडीवर गणित करायचं नसतं, तो मजकूर म्हणूनच वाचायचा, हे एक्स्प्रेशनमध्ये आपणच लिहावं लागतं.

‘रिकाम्या जागी शून्य भरा.’ याच्याशी माझं सगळ्यात मोठं भांडण आहे. नल म्हणजे ‘माहीत नाही’. शून्य म्हणजे ‘मोजलं, आणि काही नाही’. रुंदी न मोजलेल्या रस्त्याला शून्य दिलंत की सरासरी खाली घसरते. जुन्या फायलींमध्ये ‘माहिती नाही’ यासाठी -9999 लिहिलेलं असतं. ते तसंच पुढे गेलं तर विचारायलाच नको.

नल किती खोल जातो ते एका साध्या एक्स्प्रेशनमध्ये बघा. पहिलं नाव, मधलं नाव आणि आडनाव जोडून पूर्ण नाव करायचं आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये किंवा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही दोन उभ्या रेघांच्या (||) चिन्हाने ते जोडलंत. ज्यांचं मधलं नाव नल आहे, त्यांचं अख्खं नावच नल झालं. जावास्क्रिप्टमध्ये अधिक चिन्हाने जोडलं असतं तर ‘नल’ हा शब्दच नावाच्या मध्ये जाऊन बसला असता. ऑरॅकल डेटाबेसमध्ये नल गुपचूप वगळला जातो, पण मधल्या दोन स्पेस शिल्लक राहतात. काम एकच, तऱ्हा तीन. कोअलेस (नल असेल तर पर्यायी किंमत देणारं फंक्शन) कुठे लावायचं, स्पेस मधल्या नावाबरोबरच घालायची की बाहेर, हे माणसाने विचार करून लिहायचं असतं.

‘ट्रिम केलं की मजकूर स्वच्छ.’ ‘कुऱ्हाड’ हा शब्द युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण कोडांत) दोन प्रकारे लिहिलेला सापडतो: एकदा ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, एकदा साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारा जोडक देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच. तुलनेत मात्र वेगळे, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशनही (एकाच मजकुराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची पद्धत) त्यांना एक करत नाही. तिथे नेमका बदल करणारी ओळ आपणच लिहायची.

‘प्रिव्ह्यू बघा आणि रन करा.’ प्रिव्ह्यू बहुतेकदा वरच्या काही ओळी दाखवतो. बिघडलेल्या ओळी सहसा वर नसतात.

एक आक्षेप मला मान्य आहे: एका चौकटीत कोंबलेलं, सहा इफ (‘असेल तर’च्या अटी) पोटात घेतलेलं एक्स्प्रेशन कुणालाच वाचता येत नाही. पण त्यावर उपाय एक्स्प्रेशन टाळणं हा नव्हे. कोडांचं भाषांतर लूकअप टेबलमध्ये (कोड आणि त्याचा अर्थ यांच्या तक्त्यात) काढा, मधल्या पायऱ्यांना नावं द्या, आणि नल, रिकामी स्ट्रिंग, अनोळखी कोड अशा मुद्दाम वाकड्या ओळींवर आधी चालवून बघा.

अनोळखी कोडाचं महत्त्व मला एका कामात कळलं. रस्त्यांच्या पृष्ठभागाचे कोड होते: 1 डांबरी, 2 काँक्रीट, 3 कच्चा. आधीच्या कुणीतरी लिहिलेलं एक्स्प्रेशन असं होतं: 1 असेल तर डांबरी, 2 असेल तर काँक्रीट, नाहीतर कच्चा. तेव्हा ते बरोबरच होतं. पुढे स्रोतात 4 हा कोड आला, पेव्हर ब्लॉकसाठी. रन दरवेळी हिरवा टिकमार्क देऊन संपायचा, आणि पेव्हर घातलेला प्रत्येक रस्ता नकाशावर कच्चा म्हणून उतरायचा. एकूण ओळींची संख्या चोख जुळत होती, म्हणून कुणाला शंका आली नाही. आम्ही डावीकडे स्रोतातली आणि उजवीकडे नव्या साच्यातली प्रत्येक वेगळी किंमत तिच्या संख्येसह शेजारी मांडली, तेव्हा डावीकडे चार ओळी आणि उजवीकडे तीन दिसल्या.

तेव्हापासून माझ्या एक्स्प्रेशनमध्ये ‘नाहीतर’नंतर कुठलीही किंमत नसते. तिथे रन थांबतो, आणि अनोळखी कोड ओळीच्या क्रमांकासह लॉगमध्ये येतो.