सिग्नलच्या खांबावर पॅनेल का नको: ‘एक करदाता’ यांना उत्तर

नमस्कार करदातेसाहेब,

नाव लिहिलं नाहीत, म्हणून सहीवरूनच हाक मारतो. तुमची प्रतिक्रिया चांगलीच तिखट होती. दोन ओळींत वाटेला लावण्यासारखी नव्हती, म्हणून हे लांबलचक उत्तर.

इतर वाचकांसाठी थोडक्यात: मुंबईत सिग्नलच्या खांबावर सोलर पॅनेल चढवण्याची हौस वायफळ आहे, चौकात खरा बदल घडवला तो एलईडीने, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर करदातेसाहेबांचं म्हणणं असं. एक, एलईडी म्हणजे नुसता बल्ब बदलला, त्यात शोध कसला आला? दोन, आठ महिने ऊन ओकणाऱ्या शहरात सोलरला नाकं मुरडणं हा करंटेपणा आहे. तीन, याच एलईडीने मरीन ड्राइव्हची रया घालवली, त्याबद्दल लेखात चकार शब्द नाही. आणि शेवटी, कोकणातल्या गावच्या अंगणातला त्यांचा सोलर दिवा दोन वर्षं झकास चालला, मग बंद पडला. तो का, हे ‘एवढे शहाणे असाल तर सांगा’.

सांगतो. पण आधी बल्ब.

मी बरीच वर्षं इलेक्ट्रिकल देखभालीच्या कामात काढली, त्यात सिग्नलही आले. जुन्या सिग्नलचं झाकण उघडलंत तर आत काय दिसायचं? मधे तारेचा बल्ब, मागे चकचकीत वाडग्यासारखा रिफ्लेक्टर, पुढे रंगीत काच. बल्ब बिचारा पांढरा-पिवळा उजेड द्यायचा. लाल काच त्यातला लाल तेवढा बाहेर सोडायची, बाकीचा सगळा काचेत मुरायचा. म्हणजे वीज जाळायची, तिची बहुतेक उष्णता करायची, उरलेल्यातला बराचसा उजेड काचेत गाडायचा आणि मग जे शिल्लक राहील त्यावर गाड्या थांबवायच्या. पावसाळ्यात झाकणाचं रबर कडक होऊन आत पाणी झिरपायचं. तापलेल्या बल्बवर एक थेंब पडला की काम तमाम. मग भर पावसात शिडी, वायरमन, खाली हॉर्नचा कल्लोळ.

एलईडीला काच रंगवावी लागत नाही, कारण तो मुळात त्याच रंगाचा उजेड देतो. वाक्य सोपं आहे, त्यामागे तीस वर्षं गेली. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोनियाक यांनी १९६२ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये बनवला. तो इतका मिणमिणता होता की कॅल्क्युलेटरच्या आकड्यांपलीकडे फारसा उपयोग नव्हता. भर उन्हात दिसेल असा लाल आणि पिवळा यायला १९९०चं दशक उजाडलं. त्यासाठी ॲल्युमिनियम, इंडियम, गॅलियम आणि फॉस्फरस यांचं वेगळंच मिश्रण शोधावं लागलं. हिरव्याने तर याहून छळलं. सिग्नलचा हिरवा नीट बघा, तो पोपटी नसतो, निळसर असतो. लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्या माणसांनाही तो वेगळा ओळखू यावा म्हणून. हा निळसर हिरवा गॅलियम नायट्राइडशिवाय मिळत नव्हता, आणि ते स्फटिक चांगल्या प्रतीचे वाढवणं जवळपास अशक्य मानलं जायचं. जपानमध्ये अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी ते जमवलं, निळा एलईडी उजळला, आणि २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. अमेरिकेतल्या कित्येक शहरांनी सुरुवातीला फक्त लाल दिवाच बदलला होता, त्याचं एक कारण हेच: परवडेल असा हिरवा अजून बाजारात यायचा होता.

साहेब, याला तुम्ही ‘नुसता बल्ब बदलला’ म्हणता.

बरं, दिवा आला म्हणजे सिग्नल झाला असंही नाही. चौपाटीकडून दादर स्टेशनच्या दिशेला येणाऱ्या रस्त्यांवर जुन्या काळी संध्याकाळी गाडी चालवली असेल तर आठवा. सूर्य तुमच्या पाठीशी, त्याची तिरीप थेट समोरच्या सिग्नलच्या तोंडात. ती आतल्या रिफ्लेक्टरवर आपटून रंगीत काचेतून परत यायची आणि बंद असलेला दिवा पेटल्यासारखा वाटायचा. लाल आणि हिरवा दोन्ही लागल्याचा भास! वरची टोपी म्हणजे ती पत्र्याची झापड, त्यासाठीच असते, पण मावळतीचा सूर्य झापडेखालून सरळ आत शिरतो. एलईडीच्या मोड्यूलमागे, म्हणजे बल्बच्या जागी बसणाऱ्या तयार तबकडीमागे, रिफ्लेक्टरचं वाडगं नाही आणि पुढची काच बिनरंगाची ठेवता येते, त्यामुळे हा भुताटकीचा प्रकार जवळजवळ संपला.

दुसरी गोष्ट चौकात उभं राहून स्वतः तपासता येईल. काही सिग्नलमध्ये शेकडो बारीक ठिपके दिसतात, काहींमध्ये सगळी तबकडी एकसारखी उजळते. ठिपकेवाली जुनी पिढी. त्यांतले एलईडी छोट्या छोट्या माळांत जोडलेले असतात. एक माळ गेली की तबकडीवर काळा पट्टा किंवा चट्टा दिसतो, पण दिवा मरत नाही. बल्बचं तसं नव्हतं, तार तुटली की अंधार. एकसारखी उजळणारी नवी पिढी: आत मोजकेच ताकदवान एलईडी, आणि पुढच्या भिंगाला चकत्या-चकत्यांचे खाचे, जे उजेड पसरवून ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे वळवतात.

आणि एक डोकेदुखी, जिच्याबद्दल बाहेर कोणी बोलत नाही. जुना कंट्रोलर, म्हणजे चौकातले दिवे पाळीने लावणारी पेटी, दिव्याला किती करंट जातो यावरून बल्ब जिवंत आहे की मेला हे ओळखायचा. एलईडी इतका कमी करंट घेतो की कंट्रोलरला वाटायचं दिवा गेलाच. उलट, बंद दिव्याच्या वायरमध्ये जो किरकोळ गळका करंट असतो त्याने बल्बला काही व्हायचं नाही, पण एलईडी मंद लुकलुकायचा. हे सगळं निस्तरायला मोड्यूलच्या आतलं सर्किट नव्याने बांधावं लागलं.

आकडे सगळेच उधळतात, पालिकाही उधळते, म्हणून आता हिशेब करू. एक मोठा चौक घ्या: चार रस्ते, प्रत्येकाला गाड्यांचे दोन आणि पादचाऱ्यांचे दोन सिग्नल, म्हणजे सोळा डोकी. प्रत्येकात एका वेळी एकच दिवा पेटतो. बल्ब सरासरी ७५ वॅटचा धरला तर १,२०० वॅट, चोवीस तासांचे जवळपास २९ युनिट. एलईडी १० वॅटचा धरा, १६० वॅट. कंट्रोलरचे ४० मिळवा, २०० वॅट. दिवसाला पाच युनिटच्या आतच.

आता तुमचा दुसरा आक्षेप, सोलरचा. हे पाच युनिट खांबावरच्या पॅनेलमधून काढायचे म्हणताय ना? उन्हाळ्यात सहज निघतील. पण सिग्नल जुलैतही लागतो, किंबहुना जुलैतच जास्त लागतो. जुलैत मुंबईवरचं ऊन मे महिन्याच्या जवळजवळ निम्म्यावर येतं. धूळ, काजळी, वायर आणि बॅटरीतली गळती वजा करता एका किलोवॅटच्या पॅनेलमागे अडीच युनिट हाती लागले तरी नशीब समजा. म्हणजे दोन किलोवॅट हवेत, त्याला लागते दहा चौरस मीटर जागा. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची असते, तिच्या दोन-तृतीयांश एवढं छप्पर तुम्ही चौकातल्या खांबांवर तोलून धरणार, आणि तेही समुद्राचा वारा झेलत! शिवाय तीन दिवस सूर्य दिसला नाही तर पंधरा युनिट साठवून ठेवायला हवेत. ट्रकला असते तसली १५० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी पावणेदोन युनिट धरते, आणि तिचं आयुष्य राखायचं तर त्यातलं निम्मंच वापरायचं. सोळा-सतरा बॅटऱ्या झाल्या. फुटपाथवर कुठे ठेवणार? ठेवल्यात तर सकाळी किती उरतील?

हे मोकळ्या आकाशाचं गणित झालं. आपले चौक कुठे मोकळे आहेत? लालबागच्या किंवा जे. जे.च्या पुलाखालच्या सिग्नलला ऊन दिसतच नाही. पूल नसेल तिथे मेट्रोचा मार्ग, तो नसेल तिथे पर्जन्यवृक्ष, तोही नसेल तर पस्तीस मजली टॉवर. पॅनेलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. दोन-तीन सेलवर फांदीची सावली पडली तर पुढच्या-मागच्यांचाही करंट अडतो. त्यावर उपाय म्हणून बायपास डायोड असतात, ते सावलीतल्या सेलना वळसा घालून करंट पुढे नेतात, पण तेवढ्या भागाची वीज गेलीच. कबुतरांबद्दल मी काही बोलत नाही, तुम्ही मुंबईकर आहात.

म्हणून माझं म्हणणं पुन्हा मांडतो. पॅनेल लावा, जरूर लावा, पण वॉर्ड ऑफिसच्या गच्चीवर, शाळेच्या गच्चीवर, डेपोच्या छपरावर. तिथे धुता येतं, चोरीला जात नाही, वरकड वीज नेट मीटरिंगने बिलातून वजा होते. तेच दोन किलोवॅट तिथे वर्षाची सरासरी धरून दिवसाला आठेक युनिट देतील. आणि चौकात काय ठेवायचं? एक बॅटरी. एकच. २०० वॅटचा चौक चार तास चालवायला ०.८ युनिट पुरतात, म्हणजे वरच्या हिशेबातली एक बॅटरी, निम्मीच वापरून. बल्बच्या जमान्यात याच चार तासांना तसल्या पाच-सहा लागल्या असत्या, म्हणून कोणी त्या भानगडीत पडत नव्हतं.

१२ ऑक्टोबर २०२० आठवतो? सकाळी दहाच्या सुमारास सगळ्या मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, सिग्नल विझले आणि चौकात पोलिसांचे हात फिरू लागले. काही भागांत संध्याकाळ झाली, पण बऱ्याच ठिकाणी दोन-तीन तासांत वीज परतली. त्या दोन-तीन तासांसाठी पेटीत एक बॅटरी पुरली असती. एलईडीने मला दिलेलं सगळ्यांत मोठं दान वीजबिलातली बचत नव्हे, ते हे आहे. ऊर्जेची गरज इतकी खाली आली की चौक स्वतःच्या पायावर काही तास उभा राहू शकतो.

सोलर खांबावर कुठे शोभतं, तेही सांगतो, म्हणजे करंटेपणाचा शिक्का पुसला जाईल. डिव्हायडरच्या टोकाला लुकलुकणारा पिवळा ब्लिंकर, शाळेपुढच्या झेब्रा क्रॉसिंगचा इशारा, खोदकामाच्या बॅरिकेडवरचा लाल दिवा. वॅट-दोन वॅटचा दिवा, तोही अर्धा वेळ बंद. याला वहीच्या पानाएवढं पॅनेल आणि मुठीत मावेल एवढी बॅटरी बास, आणि मुख्य म्हणजे रस्ता फोडून केबल टाकावी लागत नाही. मुंबईत रस्ता फोडण्याची परवानगी मिळवणं काय असतं हे ज्याने केलंय तो या ब्लिंकरला नमस्कार करील.

मरीन ड्राइव्ह. इथे तुमच्या रागात मीही सामील आहे, फक्त आरोपी वेगळा आहे. २०१५ साली तिथले पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले, केवढा गहजब झाला, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, आणि शेवटी पिवळसर छटेचे एलईडी आले. पांढरा एलईडी म्हणजे खरं तर निळी चिप आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा उजेड पिऊन पिवळा देणाऱ्या पुडीचा, लेप. लेप कमी-जास्त केला की उजेड थंड किंवा उबदार होतो. पिवळसर एलईडी तेव्हाही मिळत होते. ज्याने निवड केली त्याने रंग न बघता यादीतला वॅटचा आकडा तेवढा बघितला असावा, असा माझा कयास. दोष एलईडीचा नाही.

उलट एलईडीमुळे सिग्नल बोलका झाला. सेकंदांचे उलटे आकडे बल्बने दाखवून बघा! (जिथे गाड्यांच्या गर्दीनुसार वेळ आपोआप बदलते तिथे हे आकडे गोत्यात आणतात, कारण पुढचे सेकंद कंट्रोलरलाच ठरवायचे असतात.) दादर-माहीमकडे २०२०मध्ये पादचारी सिग्नलवर बाईची आकृती आली. त्याच सुमारास मुंबई पोलिसांनी काही चौकांत आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायचा प्रयोग केला. तो कायमचा हवा होता, असं माझं मत.

राहिला तुमच्या अंगणातला दिवा. लेड-ॲसिड बॅटरीवाला असावा, आणि मेली असेल तर बॅटरीच. पावसाळ्यात ती रोज रिकामी होते, पुरती भरत नाही, आणि अर्धपोटी राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो. तो कोकणचा पाऊस दोनदा झेलला म्हणजे तिने तिची सेवा केली. पॅनेल फेकू नका, ते बहुधा ठणठणीत असेल. भर दुपारी त्याच्या वायर सोडवून मीटर लावा. बारा व्होल्टच्या पॅनेलला अठरा ते बावीस व्होल्ट दिसले तर ठीक. नवी बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या, पण आधी चार्ज कंट्रोलरवर, म्हणजे पॅनेलची वीज बेताने बॅटरीत सोडणाऱ्या डबीवर, लिथियमची सेटिंग आहे का बघा. नसेल तर कंट्रोलरही बदला, नाहीतर नवी बॅटरीही वर्षभरात घालवाल. आणि पॅनेलवर आंब्याची फांदी आली असेल तर ती मे महिन्यातच छाटून घ्या, जूनमध्ये कोणी झाडावर चढत नाही.