टँकर दारात आणि पातेरा आगीत

आज सकाळी साडेसातला शेजारच्या वाडीत रस्त्याच्या अलीकडे टँकर उभा होता. बायका हंडे-कळशा घेऊन रांगेत. पलीकडे गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या आत अख्ख्या परसातला पातेरा, म्हणजे झाडांचा गळलेला सुका पाला, एका जागी लोटून पेटवलेला. आंब्याचा, फणसाचा, काजूचा. वर पाच-सहा झावळ्या आणि दहा-बारा नारळांची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं. धूर सगळा त्या रांगेवर. दोन तासांनी काय उरलं? दोन घमेली राख.

डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

ग्रामपंचायतीने पाण्याचं करायला हवं ते हवंच, त्यात सूट नाही. पण त्या पातेऱ्याला काडी ग्रामपंचायतीने लावलेली नव्हती.

आपल्याकडे कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. इथला जांभा दगड सच्छिद्र, पाणी घेतो तेवढ्याच घाईने खाली सोडतो. वर माती वीतभर. त्या वीतभर मातीत ओल धरते ती कुजलेल्या पाल्यामुळे, आणि नेमका तोच आपण जाळतो. नत्र नि गंधक धुरातून जातात. पालाश राखेत राहतो, पण उघड्यावरची राख पहिल्या मोठ्या सरीत व्हाळाला, ओढ्याला लागते. मग दुकानातून खताची गोण आणायची!

पातेरा कुजत नाही म्हणता? नुसता ढीग घातलात तर नाहीच कुजणार. आंब्याचं पान चिवट, वर मेणाचा थर. पानावर पान चिकटून थप्पी बसते आणि पाणी वरूनच ओघळून जातं. तेव्हा खड्डा नको, पावसात त्याची विहीर होते. घरामागे उरलेले जांभ्याचे चिरे असतीलच. उंचवट्यावर चार फूट बाय चार फूट, साडेतीन फूट उंच, नुसते रचा; मध्ये बोटभर फटी ठेवा, सिमेंट लावू नका. तळाला वीतभर काटक्या आणि झावळ्यांचे दांडे, हवा खेळायला. त्यावर पायाने चुरलेला पातेरा, आठ-नऊ इंच. त्यावर शेणकाला, दोन बादल्या पाण्यात एक घमेलं शेण. मग गिरीपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) हिरवा पाला, तीन टोपल्या सुक्याला एक टोपली. वर बोटभर माती. असे थर वरपर्यंत. गुरं नसतील तर हिरवा पाला दुप्पट करा. मासळीची घाण चालते, उत्तम चालते, पण मधोमध आणि वर फूटभर पातेरा. नाहीतर कुत्री रात्रीत सगळं उपसतील.

ओल किती? मूठभर घेऊन पिळा. एक-दोन थेंब आले की पुरे. धार लागली तर जास्त झालं, त्याला वास मारणार. पाचव्या दिवशी मधोमध सळई खुपसा, दहा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर काम चालू आहे. थंड लागली तर एक तर आत सुकं आहे किंवा हिरवं कमी पडलंय. मुंग्या झाल्या म्हणजे सुकंच. तीन आठवड्यांनी उलथापालथ, मग महिन्याला एकदा. जूनच्या आधी वर विणलेल्या झावळ्यांच्या झापांचं तिरकं छप्पर हवं, नाहीतर सगळा कस पावसाबरोबर वाहून जाईल. दिवाळीच्या सुमारास काळं, भुसभुशीत खत हाताला येतं.

एक धोका मात्र खरा आहे. अशा ढिगात गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि तोच पुढे माडाच्या सुईत, म्हणजे न उमललेल्या कोवळ्या झावळीत शिरतो. मग उमललेल्या झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण दिसतात. उलथताना पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या जाड अळ्या सापडतील, त्या वेचून मारा. उलथायचा कंटाळा करणार असाल तर ढीग घालूच नका, पातेरा थेट झाडाखाली पसरा.

तेही सोपं. माडाचं आळं बुंध्यापासून सहा फुटांपर्यंत, आंबा-काजूच्या कलमाला फांद्यांच्या घेराएवढं. चार ते सहा इंच पातेरा, फक्त बुंध्याशी वीतभर जागा मोकळी, नाहीतर साल कुजते, वाळवी चढते. भर दुपारी त्या पाल्याखाली हात घालून बघा, मग बाजूच्या उघड्या मातीला लावा.

आणि सोडणं! ती जळताना बघून सगळ्यात जास्त तडफडायला होतं. माडापासून सहा फुटांवर गोल चर काढा, सोडणं खोलगट बाजू वर करून थराने रचा, वर माती ओढा. प्रत्येक सोडण वाटीसारखं पाणी धरतं. पाच-सात वर्षं त्याचा गुण टिकतो. त्या ढिगात आज एका माडाच्या चराची सुरुवात जळत होती, समोर टँकर उभा असताना.

भाजावळीबद्दल मी बोलत नाहीये. तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, वाफ्यात पालापाचोळा जाळून राब भाजणं निराळं, त्यामागे शेतकऱ्याचा हिशोब आहे. परसातल्या आगीला तसला हिशोब नाही.

ढीग पेटवणाऱ्या आजींना विचारलं तर म्हणाल्या, "पातेऱ्यात जनावर येतं रे बाबा, नातवंडं फिरतात." खरं आहे, साप येतो. त्यांच्यावर रागावणार कोण? सत्तरीतली बाई एकटी केर काढते, तिला कुदळ कोण मारून देणार? चिऱ्यांचा ढीग घरापासून वीस फुटांवर ठेवायचा, पडवीजवळचं अंगण स्वच्छ ठेवायचं, एवढं केलं तरी पुरे. पण चिरे रचून द्यायला मुंबईहून मे महिन्यात येणारे लेक-जावई आहेत ना? एका सकाळचं काम आहे.

राग आहे तो दुसऱ्यांवर. अंगणभर पेव्हर ब्लॉक घालायचे, पानं पडतात म्हणून फणस तोडायचा आणि उरलेल्या पातेऱ्यात गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, मुलांचे डायपर टाकून पेटवायचं. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घातली आहे, ५,००० रुपये दंड. तो विषारी धूर शेजारच्याच्या माजघरात जातो, हे सांगायला लवाद लागावा?

संध्याकाळी परत येताना बघितलं, राखेत दोन सोडणं अजून धुमसत होती. बादलीभर पाणी ओतलं तर विझली असती, पण रांगेतल्या हंड्यातलं पाणी मागणार कसं?

ज्यांना सोडणं नको असतील त्यांनी जाळू नका, गोणीत भरून गडग्याबाहेर ठेवा. खाली कमेंटमध्ये वाडीचं नाव लिहा, घेऊन जातो.