पंपावर पाटी हवी: इथेनॉलमिश्रित पेट्रोलविषयी थोडे सविस्तर

गेल्या पावसाळ्यात माझी 2009 सालची स्कूटर तीन आठवडे जागेवरून हलली नव्हती. नंतर ती काही केल्या सुरू होईना, म्हणून मिरजेतल्या नेहमीच्या मिस्त्रींकडे ढकलत नेली. त्यांनी कार्ब्युरेटर उघडला आणि खालची वाटी उजेडात धरून मला दाखवली. तळाशी पांढरट भुकटीचा थर बसला होता, जेटचे भोक जवळजवळ बुजले होते आणि सुईच्या टोकाचे रबर फुगून बेढब झाले होते. "सर, पूर्वी अशी गाडी वर्षातून एखादी यायची, आता आठवड्याला येते," असे ते म्हणाले. मग त्यांनी खुणा असलेल्या काचेच्या नळीत माझ्याच टाकीतले 100 मिलिलिटर पेट्रोल घेतले, त्यात 20 मिलिलिटर पाणी ओतले, नळी हलवून फळीवर ठेवली. थोड्या वेळाने तळाशी पाण्याचा जो थर जमला, तो 20 ऐवजी 40 च्या खुणेला टेकत आला होता. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल, म्हणजे उसापासून किंवा धान्यापासून काढलेले अल्कोहोल, पाण्याने आपल्याकडे ओढून घेतले होते. लिटरमागे आपण काय विकत घेतो, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले.

इथेनॉलला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. आमच्या घरची शेती उसाची आहे. धाकटा भाऊ ती पाहतो आणि ऊस सहकारी कारखान्याला जातो. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, मिळावी, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात साखर गोदामात पडून राहिली की बिले कशी लांबतात, हे आमच्या भागात कुणाला सांगायला नको. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये ठरली आणि पुढे कित्येक वर्षे ती तिथेच राहिली, एफआरपी मात्र वाढत गेली. अशा वेळी बी-हेवी मळीपासून, म्हणजे साखर पुरती काढून घेण्याआधीच्या टप्प्यावरच्या मळीपासून, इथेनॉल काढून ते तेल कंपन्यांना विकण्याची वाट कारखान्यांना मिळाली, त्या पैशांतून बिले निघाली, आणि त्यातला वाटा आमच्या घरीही आला. गरजेच्या 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणणाऱ्या देशाने स्वतःच्या शेतातून इंधनाचा काही भाग उभा करावा, ही दिशा मला योग्यच वाटते.

शिवाय हा कार्यक्रम आमच्याच अंगणात सुरू झाला. 2001 मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे जे पहिले प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यांत महाराष्ट्रातली मिरज आणि मनमाड ही ठिकाणे होती. पुढे 2003 मध्ये काही राज्यांत 5 टक्के मिश्रण सुरू झाले, पण ते अनेक वर्षे रखडले. 2014 मध्ये देशभरचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपासच होते. त्यानंतर मात्र वेग आला. जून 2022 मध्ये 10 टक्क्यांचा टप्पा ठरल्या मुदतीच्या पाच महिने आधी गाठला गेला, 20 टक्क्यांचे मूळचे 2030 चे उद्दिष्ट 2025-26 वर आणले गेले, आणि 2025 मध्ये ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचे मिश्रण, हेच बहुतेक पंपांवरचे साधे पेट्रोल झाले. पहिल्या 10 टक्क्यांना 20 वर्षे लागली आणि पुढच्या 10 टक्क्यांना जेमतेम तीन. या तीन वर्षांत रस्त्यावरच्या जुन्या गाड्या बदलल्या नाहीत, आणि माझी सारी तक्रार इथूनच सुरू होते.

एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे 20 टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलच्या लिटरपेक्षा सहा ते सात टक्के ऊर्जा कमी भरते. लिटरचा दर 104 रुपये धरला, तर हा फरक सात रुपयांच्या घरात जातो. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा (इंधन अवेळी पेटून इंजिनात ठोके बसू न देण्याची क्षमता) जास्त असतो आणि त्यामुळे इंजिन चांगले चालते, असे उत्तर यावर दिले जाते. ते खरे आहे, पण तो फायदा मिळायला इंजिनाचे कॉम्प्रेशन आणि ठिणगीची वेळ त्या इंधनासाठी बेतलेली असावी लागते. माझ्या 2014 च्या मोटारीत तसे काही नाही. मी गेली अनेक वर्षे टाकी काठोकाठ भरून किलोमीटर वहीत लिहितो. 2019 मध्ये, मिश्रण पाच टक्क्यांच्या आसपास असताना, सांगली-पुणे रस्त्यावर ही गाडी लिटरला 17.2 किलोमीटर देत होती. आता त्याच रस्त्यावर 16.2 देते. गाडीचे वयही वाढले आहे, त्यामुळे सगळा दोष इंधनाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही, पण ऊर्जेचा हिशेब केला तरी उत्तर याच आकड्याच्या जवळ येते.

हे सरकारला ठाऊक नव्हते, असेही नाही. नीती आयोगाने जून 2021 मध्ये जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यातच शून्य इथेनॉलसाठी बनवलेल्या आणि 10 टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींची कार्यक्षमता ई-20 वर सहा ते सात टक्क्यांनी, तर दुचाकींची तीन ते चार टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला आहे. जास्त इथेनॉलच्या पेट्रोलचा किरकोळ दर साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावा, म्हणजे घटलेल्या ऊर्जेची भरपाई ग्राहकाला मिळेल, असेही त्यातच सुचवले आहे. जुन्या गाड्यांच्या रक्षणासाठी 10 टक्क्यांचे पेट्रोल 2025 पर्यंत मिळत राहावे, हेही त्यातच आहे. आराखड्यातला वेग तेवढा उचलला गेला आणि सवलत कागदावरच राहिली. ई-20 ला मानवतील अशा सुट्या भागांच्या गाड्या एप्रिल 2023 पासून येऊ लागल्या. त्याआधीच्या गाड्या म्हणजे आपल्या देशातल्या बहुतेक मध्यमवर्गीयांच्या गाड्या. एक गाडी 15 वर्षे पुरवायची, ही आपल्याकडची रीत आहे.

ब्राझीलचा दाखला वारंवार दिला जातो, तो पुरता तरी द्यावा. तिथे 1975 पासून हे धोरण चालू आहे, 2003 पासून कोणतेही मिश्रण चालणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल गाड्या विकल्या जात आहेत, आणि पंपावर मिश्रित पेट्रोल व निव्वळ इथेनॉल यांचे दर वेगवेगळे लावलेले असतात. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या 70 टक्क्यांच्या आत असेल तर ते परवडते, हा हिशेब तिथले गाडीवाले टाकी भरताना मनातल्या मनात करतात. ब्रिटनमध्ये 2021 साली 10 टक्क्यांचे मिश्रण हे साधे पेट्रोल झाले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी 5 टक्क्यांचे पेट्रोल, महाग का होईना, पंपावर ठेवले गेले. आपल्याकडे असा पर्याय मागणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य आहे, पण सरकारने स्वतःहून पर्याय देण्याच्या आड तो येत नाही.

पाण्याची बाजू मला शेतकऱ्याचा मुलगा म्हणून अधिक अस्वस्थ करते. उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे 2,860 लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाचाच आराखडा सांगतो. कृष्णाकाठच्या आम्हाला हा आकडा जाणवत नाही, पण दुष्काळी जत आणि आटपाडीच्या माणसाला तो ऐकवताना माझी मान खाली जाते. डिसेंबर 2023 मध्ये पाऊस कमी झाल्यामुळे उसाचा रस इथेनॉलकडे वळवण्यावर अचानक बंधने आली, तेव्हा कर्ज काढून इथेनॉलच्या आसवन्या (डिस्टिलरी) उभारलेले कारखाने एका रात्रीत अडचणीत आले. आता तर निम्म्याहून अधिक इथेनॉल मका आणि तांदळापासून येते, आणि मक्याचा दर चढला की पोल्ट्रीवाल्यांचे खाद्याचे गणित कोलमडते. पेट्रोलमधला 20 हा आकडा पक्का आणि त्यामागचे पीक मात्र पावसावर, अशी ही रचना आहे.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक पंपाच्या नोझलवर इथेनॉलचे प्रमाण मराठीत, ठळक अक्षरांत लिहिलेले असावे. तालुक्यात निदान एका पंपावर तरी 10 टक्क्यांचे पेट्रोल मिळावे. ई-20 चा दर त्यातल्या ऊर्जेच्या प्रमाणात उतरावा. आणि जुन्या गाड्यांचे पाइप, गॅस्केट, ओ-रिंग बदलण्याचा संच कंपन्यांनी वाजवी दरात द्यावा.

तोपर्यंत जुनी दुचाकी असणाऱ्यांना मिस्त्रींनी मला सांगितलेलेच सांगतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे, आणि पेट्रोलची नळी दरवर्षी पावसाळ्याआधी दाबून पाहावी. ती बोटाला चिकट किंवा कडक लागली तर बदलावी. माझ्या स्कूटरची नळी, सुई आणि वाटीचे रबर बदलून झाले. काल पंपावर मी तिथल्या मुलाला विचारले, "यात इथेनॉल किती आहे रे?" त्याने यंत्राकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाला, "काका, इथं तसं कुठं लिहिलेलं नाही."