टोपी काढू नका, प्लीज

मुंबईत थंडी पडते. हे वाक्य मी छातीठोकपणे लिहिते आहे, कारण मी मुलुंडला राहते आणि जानेवारीत मोजे घालून झोपते. पण हेच वाक्य निफाडच्या माणसासमोर म्हणून बघा. माझ्या थोरल्या दिरांची निफाडला द्राक्षबाग आहे. तिथे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा सहावर आला, की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते आणि त्याच्या आधी आमच्या घरच्या ग्रुपवर. द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत रात्रभर शेकोट्या पेटलेल्या असतात, पहाटे ठिबक चालू करायचं असतं, आणि त्या धांदलीतही भाऊजी वेळ काढून विचारतात, "काय मुंबईकर, एसी बंद केला का?"

नवरा मूळचा निफाडचाच. पण मुंबईत राहून त्याची कातडी मुंबईची झाली. आता सतरा अंशांना त्याला हुडहुडी भरते. त्याने आधी आकड्यांनी उत्तर देऊन पाहिलं. सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश नोंदवले गेले आणि त्याच दिवशी कुलाब्यालासुद्धा ११.७, ही तारीख त्याला आमच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ आहे. भाऊजींचं उत्तर आलं, "म्हणजे त्या दिवशी आली होती, मग परत गेली." मग नवऱ्याने हवामान खात्याचा नियम काढला. सपाटीवर थंडीची लाट म्हणायला पारा दहा किंवा त्याखाली यावा लागतो, पण किनाऱ्यावर पंधरा किंवा कमी आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश खाली असला तरी चालतो. "असं, असं," भाऊजी म्हणाले, "म्हणजे तुम्हाला ग्रेस मार्क आहेत तर." आणि खाली एकच शब्द: "पुरावा?"

त्या रात्री कपाटाच्या वरच्या खणातून कॅमेरा खाली आला.

पाऊस फोटोत दिसतो, ऊन दिसतं. थंडी कशी दाखवायची? पहिला विचार तोंडातून निघणाऱ्या वाफेचा. भल्या पहाटे मला गॅलरीत उभं करून नवरा म्हणाला, "हा कर."

"हाऽ."

"जोरात."

"हाऽऽऽ!"

वाफ आली नाही. खालच्या मजल्यावरच्या वहिनी मात्र बाहेर आल्या आणि वर बघून म्हणाल्या, "हास्यक्लब घरीच का सुरू केलात?" मग अंगावरचा काटा टिपायचं ठरलं. त्यासाठी मॅक्रो लेन्स लागते आणि काटा स्थिर असावा लागतो. ह्यांचं फोकस होईपर्यंत माझा काटा उतरायचा. शेवटी त्याने सुचवलं, की मी मिनिटभर फ्रीजरमध्ये हात घालावा. माझ्याकडे बघून त्याच्याच अंगावर काटा आला, पण त्याचा फोटो काढायला कोणी नव्हतं.

तेव्हा मला उमगलं, की मुंबईची थंडी हवेत नसतेच, ती लोकांच्या अंगावर असते. कानटोप्या, मफलर, शाली, स्कूटरवर उलटं घातलेलं जॅकेट, शाळेच्या रिक्षात कोंबलेली स्वेटरवाली पोरं. हेच टिपायचं. कामाची वाटणी सोपी होती: त्याच्याकडे कॅमेरा, माझ्याकडे तोंड. मी परवानगी काढायची, त्याने फोटो.

चिंतामणराव देशमुख उद्यानात सकाळी सातला गेलो. काय दृश्य होतं! बाकावर ओळीने चार आजोबा, चौघांनाही माकडटोप्या, आत फक्त चष्मे आणि नाकं. एकाने टोपीवरून मफलर, मफलरवरून हेडफोन चढवलेले. नवऱ्याचे हात थरथरायला लागले, थंडीने नव्हे. मी पुढे झाले. "काका, एक फोटो काढू का?"

"काढा की," म्हणत चौघांनी एकाच वेळी टोप्या काढल्या. खिशांतून कंगवे निघाले. मफलर घडी होऊन मांडीखाली गेले. क्षणात माझ्यासमोर एप्रिल महिना बसला होता.

"काका, टोपी राहू द्या ना."

"छे छे, टोपीत मी म्हातारा दिसतो."

ही त्या सगळ्या मोहिमेची गोष्ट. कॅमेरा वर गेला की थंडी खाली उतरायची. मॉर्निंग वॉकच्या मावशींनी शाल पर्समध्ये कोंबली, कारण आतला कुर्ता नवा होता. दूधवाल्याने मोठ्या प्रेमाने स्वेटर काढून हँडलला लावला. रिक्षातल्या एका पोराने तर शाळेचा स्वेटर काढला, भिरकावला आणि दंड फुगवून दाखवले. न विचारता काढावा, तर लोक अंगावर येतात, आणि बरोबरच आहे. विचारून काढावा, तर उन्हाळा. मधला मार्ग म्हणून मी स्पष्ट सांगायला लागले, "काका, आम्हाला थंडीचाच फोटो हवा आहे, टोपी काढू नका, प्लीज." त्यावर एका गृहस्थांनी गंभीरपणे विचारलं, "का? मी आजारी दिसतो?" नंतर त्यांना शेजारच्याची समजूत काढताना ऐकलं, की ही औषधवाल्यांची जाहिरात आहे, फुकट काढून देऊ नकोस.

माणसं सोडून निसर्गाकडे वळलो. मिठागर रोडच्या टोकाला पहाटे इतकं सुंदर धुकं होतं, की समोरचे टॉवर कमरेपासून वर गायब. त्यात सकाळचा प्रकाश. दिवस सगळ्यात लहान २१ डिसेंबरच्या आसपास असतो, पण मुंबईत सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यावर, सव्वासातच्या सुमारास. आणि डिसेंबरात भर दुपारीही तो साधारण ४८ अंशांपर्यंतच चढतो, म्हणून सावल्या लांब पडतात. हे सगळं मला नवऱ्याने तिथेच, डास चावत असताना समजावलं. फोटो खरंच झकास आला. बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला, "धुक्यातलं मुलुंड".

तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरांचं उत्तर पाच मिनिटांत हजर. हे धुकं नाही, धूळ आहे. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर गार होते, खाली थंड हवा, वर गरम हवेचं झाकण, वारा पडलेला, समुद्रावरून येणारा वाराही उशिरा. मग बांधकामाची धूळ आणि गाड्यांचा धूर जातो कुठे? सोबत हवेच्या गुणवत्तेचा आकडा, जांभळा का लाल कुठल्याशा रंगात. खाली सूचना: "दारं-खिडक्या लावून घ्या." बिल्डिंगमधल्या तिघींनी त्या दिवशी कामवाल्या बाईंना झटकून पुसायला सांगितलं आणि बाईंनी दुपारी माझ्याकडे रागाने बघितलं. एका फोटोने इतका सामाजिक परिणाम क्वचितच साधला असेल.

भाऊजींना पक्षी आवडतात, म्हणून भांडुप पंपिंग स्टेशनच्या खाडीवर जाऊन रोहित, म्हणजे फ्लेमिंगोही टिपले. पाठवायच्या आत मीच थांबवलं. ते येतात खाडीतल्या शेवाळासाठी, पण भाऊजी काय म्हणणार हे मला पाठ होतं: "बघ, पाखरंसुद्धा ऊब घ्यायला तुमच्याकडे येतात."

राहता राहिला बाजार. स्टेशनजवळ भाजीवाल्या मावशींच्या पुढ्यात अख्खा हिवाळा मांडलेला असतो: हिरवा लसूण, ओली हळद, तुरीच्या शेंगा, घाट्यांसकट हरभऱ्याच्या जुड्या, लालबुंद गाजरं, बोरं. "मावशी, तुमच्या भाजीचा फोटो काढू?" मावशी खुलल्या. "थांबा, जरा चांगला माल लावते," म्हणत त्यांनी हरभरा आणि लसूण गोणपाटाखाली सारला आणि पुढे मांडली ब्रोकोली. बाजूला लाल-पिवळी ढोबळी मिरची. नवरा हताशपणे म्हणाला, "मावशी, ते लसणाचं..." "ते घ्यायचंय का? मग काढते." घेतलं. लसणाच्या फोटोला दोन जुड्या, तुरीला किलोभर, हळदीला पाव किलो. घरी येऊन मी सोलाणे सोलत बसले, तो फोटो सोलत बसला. त्या आठवड्यात आम्ही सोलाण्याची उसळ, तुरीच्या दाण्यांची आमटी, लसणाची चटणी असे सगळे फोटो क्रमाने खाल्ले. पुरावा म्हणून पाठवलेल्या भाज्यांवर निफाडहून जाऊबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "तूर काय भावाने?" सांगितल्यावर तिकडून नुसतेच हसणारे चेहरे आले, ओळभर.

अस्सल थंडी शेवटी आमच्या गेटवरच सापडली. रात्रीचे वॉचमन चाचा पहाटे साडेचारला भिंतीच्या आडोशाला फळकुटं पेटवून बसलेले. कांबळं, कानटोपी, पुढे धरलेले तळवे, सगळं जागच्या जागी. नवऱ्याला बघताच त्यांनी विस्तवावर पाय ठेवला. "साब, सेक्रेटरी को मत बोलना." उघड्यावर जाळायला बंदी आहे, ते बरोबरही आहे, आणि तिसऱ्या मजल्यावर जांभळा आकडा तयारच असतो. पण मी कशासाठी फोटो हवा ते सांगितल्यावर चाचांचा चेहरा उजळला. ते जौनपूरचे. "हमारे घरवाले भी यही बोलते हैं मैडम, बंबई में काहे की ठंड!"

फळकुटं पुन्हा पेटली. अटी दोन: जौनपूरला जाईल त्या फोटोत चाचांचा चेहरा नीट यावा, आणि निफाडला जाईल त्यात चेहरा, गेट, बिल्डिंगचं नाव, काहीही दिसू नये. चाचांनी टोपी काढली नाही, उलट कांबळं आणखी ओढून घेतलं. इतका समजूतदार मॉडेल मुलुंडात दुसरा नसेल. त्यांचा फोटो अप्रतिम आला. आपल्यासाठी मात्र नाव टाळता टाळता नवऱ्याने कॅमेरा इतका जवळ नेला, की चौकटीत फक्त ज्वाळा आणि मागे काळोखात आमच्या इमारतीचा एक कोपरा. तोच त्याने उत्साहात तिथल्या तिथे घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमच्याकडे आत्ता."

बागेवर जागे असलेल्या भाऊजींचा फोन अर्ध्या मिनिटात आला. "अरे, सगळे खाली उतरलात ना? बंब आला का?" आणि मागून जाऊबाई ओरडत होत्या, "दागिने घेतले का विचारा तिला, दागिने!"